वीजपुरवठा संचाचे संरक्षक आवरण व त्याची जोडणी
(कार्यानुभव व सामान्य विज्ञान : इयत्ता सातवी व आठवी)

शाळेतील संगणकाच्या लोखंडी पेटीस अनवाणी उभे राहून हात लावला असता बोटांना झिणझिण्या येतात, हा अनुभव ग्रामीण भागातील पुष्कळ शिक्षकांस आहे. "थोडासा करंट येतो, पण त्याने काही होत नाही," असे म्हणून तो बहुधा सोडून दिला जातो. विद्यार्थीही त्यास सरावतात. काही धीट मुले तर मुद्दाम बोट लावून एकमेकांची गंमत करतात. प्रस्तुत पाठाचा आरंभ शिक्षकाने या झिणझिण्यांपासूनच करावा. पेटी कशी बांधावी हे शिकविण्यापूर्वी ती कशासाठी बांधावयाची, हे विद्यार्थ्यांच्या मनात ठसले पाहिजे. आणि ते झिणझिण्यांच्या उदाहरणाने जितके लवकर ठसते तितके व्याख्येने ठसत नाही.

२०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून लोकवर्गणीतून व ग्रामपंचायतीच्या साहाय्याने अनेक प्राथमिक शाळांत संगणक, मोठे दूरदर्शन संच व प्रक्षेपक आले. त्यांच्या मागोमाग बारा व्होल्टांवर चालणारी लहानसहान साधनेही आली : एलईडी दिव्यांच्या पट्ट्या, कॅमेरे, प्रयोगासाठी लागणाऱ्या छोट्या मोटारी. ही साधने भिंतीतील २३० व्होल्टांच्या प्रवाहावर चालत नाहीत. त्यांच्यासाठी मध्ये एक वीजपुरवठा संच लागतो. बाजारात त्यास 'एसएमपीएस' म्हणतात. विटेहून लहान, जाळीदार पत्र्याची पेटी. तिच्या एका टोकास स्क्रूंची एक ओळ. त्या ओळीवर बहुधा प्लास्टिकची एक पातळ झडप. हा संच स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि तालुक्याच्या गावी सहज मिळतो. म्हणूनच तो शाळेच्या खिडकीत, कपाटावर किंवा नुसत्या खिळ्याला टांगलेला आढळतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हा संच मुळात दुसऱ्या एखाद्या यंत्राच्या पोटात बसविण्यासाठी बनविलेला असतो. तो हातात घेऊन वापरण्याची वस्तू नव्हे. स्क्रूंच्या ओळीत २३० व्होल्टांचे दोन स्क्रू व बारा व्होल्टांचे स्क्रू एकमेकांपासून बोटभर अंतरावर असतात. झडप गळून पडली की ती ओळ उघडीच. पत्र्याच्या जाळीतून टाचणी, खडूची धूळ, मुंग्या, पालीचे पिल्लू असे काहीही आत जाऊ शकते. ज्या आवरणात हा संच बसावयास हवा ते आवरण कारखान्याने दिलेले नाही. ते वापरणाऱ्याने करून घ्यावयाचे आहे. ते करणे हाच या पाठाचा विषय होय.

आता झिणझिण्यांचे कारण. अशा संचाच्या आत खरखर दाबण्यासाठी दोन लहान धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, बसविलेली असतात. एक फेजपासून पेटीच्या पत्र्याकडे जाते, दुसरे न्यूट्रलपासून पत्र्याकडे. पत्र्यास अर्थिंगची तार जोडली असेल तर या धारित्रांतून झिरपणारा अल्प प्रवाह मुकाट्याने जमिनीत जातो. तार जोडलेली नसेल तर पत्रा दोन्हींच्या मध्ये अधांतरी राहतो व त्यावर २३० व्होल्टांच्या सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टांच्या आसपास दाब उभा राहतो. झिरपणारा प्रवाह एक मिलीॲम्पिअरहून कमी असल्यामुळे तो सहसा इजा करीत नाही. नुसत्या झिणझिण्या देतो. म्हणजेच झिणझिण्या हा संचातील दोष नव्हे. या शाळेत अर्थिंग नाही, किंवा आहे ते तुटलेले आहे, असा तो निरोप आहे. ज्या दिवशी आतील फेजची तार खरोखरच सुटून पत्र्यास टेकेल, त्या दिवशी त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट असतील आणि प्रवाह अडविणारे धारित्र मध्ये नसेल. ओल्या हातापायांच्या शरीराचा रोध सुमारे दीड हजार ओहम धरला, तर शरीरातून दीडशे मिलीॲम्पिअर जातील. दहा-पंधरा मिलीॲम्पिअरला स्नायू आखडून हात सुटेनासा होतो आणि तीसच्या पुढील प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते, हे आकडे शिक्षकाने फळ्यावर लिहावेत व त्यांच्याशेजारी दीडशेचा आकडा लिहून थांबावे. अधिक बोलण्याची गरज पडत नाही.

यावर सर्वसाधारण उत्तर असे दिले जाते की, पेटी लोखंडी करावी आणि तिला अर्थिंग द्यावे. पुस्तकात ते बरोबर आहे. परंतु सिरसाळ्याच्या जमिनीत ते कितपत खरे ठरते, याचा विचार व्हावयास हवा. सिरसाळा हे परळी वैजनाथ तालुक्यातील गाव, परळीहून तेलगावमार्गे बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले. या तालुक्यात वीज दुरून आलेली पाहुणी नव्हे. परळीच्या औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. तेच केंद्र २०१३ च्या आरंभी, दुष्काळात पाणी न मिळाल्याने, बंद ठेवावे लागले होते. पाण्यावाचून वीज बनत नाही, हे या भागातील मुलांस वेगळे शिकवावे लागत नाही. पाण्यावाचून अर्थिंगही काम देत नाही, ही मात्र तिच्याच शेजारची गोष्ट असूनही ती कोणी सांगत नाही.

अर्थिंगचा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली नळी किंवा पत्रा आणि त्याभोवती भरलेले मीठ व कोळसा. प्रवाह जमिनीत पसरतो तो मातीतील ओलाव्याच्या आधाराने. काळी माती पावसाळ्यात ओलावा धरून ठेवते. पण चैत्र-वैशाखात तिला हात-हात खोल भेगा पडतात व नळीची आणि मातीची गाठच सुटते. मुरमाड जागेत तर ओलावा मुळातच टिकत नाही. पावसाळ्यात पाच ओहम भरणारे अर्थिंग उन्हाळ्यात चाळीस ओहमांवर गेले असे धरू आणि हिशेब करून पाहू. हा हिशेब सातवीच्या विद्यार्थ्यांस करता येण्याजोगा आहे व तो त्यांच्याकडूनच करवून घ्यावा. २३० भागिले ५ म्हणजे ४६ ॲम्पिअर; शाळेच्या पेटीतील सोळा ॲम्पिअरचा एमसीबी इतक्या प्रवाहाने खाली पडतो, तोही तत्काळ नव्हे, काही सेकंद तापल्यानंतर. २३० भागिले ४० म्हणजे पावणेसहा ॲम्पिअर. सोळा ॲम्पिअरच्या एमसीबीला याची जाणीवही होत नाही. प्रवाह वाहत राहतो, मीटर फिरत राहते आणि पेटीचा पत्रा जिवंत राहतो. अर्थिंगची हिरवी तार मात्र डोळ्यांना जोडलेली दिसते. जेथे अर्थिंग नाही तेथे माणूस निदान जपून वागतो. जेथे ते नुसते दिसते तेथे जपणेही सुटते.

अर्थिंग तपासण्याची गावोगावी रूढ असलेली रीत म्हणजे फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये शंभर वॅटचा दिवा लावून पाहणे. दिवा लख्ख पेटला की अर्थिंग उत्तम, असे समजतात. हाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शंभर वॅटच्या पेटलेल्या दिव्याचा रोध ५२९ ओहम असतो. त्याच्यापुढे चाळीस ओहमांचे अर्थिंग जोडले तरी दिव्यास सुमारे २१४ व्होल्ट मिळतात. २३० आणि २१४ यांतील फरक नजरेला कळत नाही. तेव्हा दिवा पेटणे म्हणजे अर्थिंगची तार कोठेतरी जमिनीपर्यंत गेली आहे एवढेच; ती आपत्तीच्या वेळी उपयोगी पडेल की नाही, हे दिवा सांगू शकत नाही. शिवाय अर्थिंग तुटलेले असेल तर या परीक्षेत शाळेतील सर्व लोखंडी पेट्या क्षणभर फेजला जोडल्या जातात. ही परीक्षा शाळेत कोणीही करू नये. अर्थ टेस्टर नावाचे वेगळे उपकरण असते. परवानाधारक वायरमनकडून त्या उपकरणाने एप्रिल किंवा मे महिन्यात मोजणी करून घ्यावी. पावसाळ्यात घेतलेली मोजणी शाळेच्या दप्तरात शोभेल, पण ती उन्हाळ्याचे काही सांगणार नाही.

यावर खरा उपाय आरसीसीबी हा आहे. एमसीबी व आरसीसीबी ही दोन्ही साधने दिसावयास सारखीच असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी एक असताना दुसरे आहे असा समज झालेला असतो. सहलीला नेलेली चाळीस मुले परतताना शिक्षक जसा मोजून घेतो, तसे आरसीसीबी फेजमधून गेलेला प्रवाह व न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह मोजून पाहते. तीस मिलीॲम्पिअरचा फरक पडला, म्हणजे कोणाच्या तरी शरीरातून किंवा पत्र्यातून प्रवाह वाट चुकला, की ती सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडते. चाळीस ओहमांच्या अर्थिंगवरून वाहणारे पावणेसहा ॲम्पिअर एमसीबीला थोडे वाटतात. आरसीसीबीला ते जवळजवळ दोनशे पट अधिक आहेत. कोरड्या जमिनीच्या प्रदेशात हे साधन म्हणजे चैन नव्हे. मात्र एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला गेला तर जाणारा व येणारा प्रवाह सारखाच राहतो आणि आरसीसीबी गप्प बसते. म्हणून स्क्रूंची ओळ झाकणारे आवरण तिच्यामुळे अनावश्यक ठरत नाही.

या सर्वांचा विचार करता, ज्या शाळेत तीस मिलीॲम्पिअरची आरसीसीबी बसविलेली नाही व अर्थिंगची उन्हाळी मोजणी झालेली नाही, त्या शाळेने पत्र्याचे आवरण करू नये. लाकडी करावे. लाकडी आवरणात संचाचा पत्रा हाताच्या टप्प्याबाहेर जातो, आणि मग अर्थिंग हा एकमेव आधार राहत नाही, दुसरा आधार होतो. लाकूड असल्यामुळे अर्थिंगची तार जोडली नाही तरी चालेल, असा समज मात्र होऊ देऊ नये, ती जोडावयाचीच.

आवरणासाठी बारा मिलीमीटर जाडीचा प्लायवूड पुरतो. गावातील सुताराकडे उरलेल्या तुकड्यांतूनही काम होते. बाजारातील पी.व्ही.सी.ची मोठी पेटी घेतली तरी हरकत नाही; परंतु लाकडी पेटीत मापन, आखणी, करवत चालविणे, घासणे ही कार्यानुभवाची सर्व अंगे येतात, आणि सुतारालाच एक तास शाळेत बोलावून त्याच्या हाताने सांधा कसा बसतो हे मुलांस दाखविता येते. पेटीचे माप संचाच्या मापावरून ठरवावे. संचाच्या दोन्ही बाजूंस व वर तीन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहावी, स्क्रूंच्या ओळीपुढे मात्र आठ सेंटिमीटर तरी ठेवावी. कारण जोडणीच्या तारा तेथेच वळतात. ही मोकळी जागा वायफळ नव्हे. बारा व्होल्ट, पाच ॲम्पिअर म्हणजे साठ वॅटचा संच पूर्ण भारावर चालताना सुमारे पंधरा वॅट उष्णतेच्या रूपाने सोडतो, आणि मे महिन्यात वर्गातील हवाच चाळीस अंशांवर असते. संच पूर्ण भारावर न चालविता चाळीस वॅटपर्यंतच चालवावा, हे बरे.

हवेसाठी छिद्रे दोन ओळींत पाडावीत, एक तळालगत व एक झाकणालगत. थंड हवा खालून येते व तापलेली वरून निघून जाते. छिद्र तीन मिलीमीटरपेक्षा मोठे नसावे. मोठ्या माणसाचे बोट जात नाही एवढ्यावर समाधान मानू नये. प्राथमिक शाळेत बोटापेक्षा हातातील तार, पिन आणि कंपासचे टोक यांचीच भीती अधिक. छिद्रे बाहेरून आत जाताना वर चढतील अशी तिरपी पाडली तर सांडलेले पाणी आत उतरत नाही. स्क्रूंच्या ओळीसमोर एकही छिद्र असू नये. झाकण बिजागरीचे करू नये. चार स्क्रूंनी बसवावे. जे उघडण्यास पेचकस लागतो ते मधल्या सुट्टीत उघडले जात नाही.

संच पेटीच्या तळाशी बसविताना एक चूक हमखास होते. तळाच्या बाहेरून स्क्रू घालून तो संचाच्या पत्र्यात आवळला जातो. आत फेज पत्र्यास टेकली तर त्या स्क्रूचे बाहेर दिसणारे डोके लाकडी पेटीवरील जिवंत बिंदू बनते, आणि लाकडी आवरणाचा सर्व हेतू निष्फळ होतो. म्हणून डोके लाकडात खोल बसवून वर लाकडी गुटखा चिकटवावा, किंवा संच आतील बाजूने दोन पट्ट्यांनी दाबून धरावा. दुसरा मार्ग सोपा.

आता तारांची जोडणी. येथपर्यंतचे काम विद्यार्थ्यांनी करावे. येथून पुढचे त्यांनी केवळ पाहावे, तेही पुरवठा जोडलेला नसताना. २३० व्होल्टांच्या बाजूची जोडणी वायरमनने करावी आणि शिक्षकाने ती समजून घेऊन तपासावी. संचाची मूळ जाळीदार पेटी कोणीही खोलू नये. तिच्यातील मोठ्या धारित्रात सुमारे ३२५ व्होल्टांचा साठा असतो व प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

पेटीच्या मागील भिंतीत संगणकाच्या मागे असतो तसा तीन पिनांचा सॉकेट बसवावा. बटण व फ्यूज ज्यात एकत्र येतात तो सॉकेट घ्यावा आणि बटण फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारे असावे. त्याचे कारण असे की, गावातील पुष्कळ भिंतींच्या सॉकेटात फेज व न्यूट्रल उलट जोडलेले असतात. एकच तार तोडणारे बटण अशा ठिकाणी न्यूट्रल तोडते. दिवा विझतो, पण संच फेजला जोडलेलाच राहतो. अर्थिंगचे मोठे छिद्र वर धरून समोरून पाहिले असता फेज उजव्या हातास असावयास हवी. ही गोष्ट वायरमनकडून प्रथम पाहून घ्यावी. फ्यूज दोन ॲम्पिअरचा व मंदगती असावा. संच चालू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, त्यामुळे शीघ्र फ्यूज विनाकारण जातो आणि मग कोणीतरी त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळतो. तो मोह होऊ नये म्हणून दोन फ्यूज अधिक घेऊन कागदात गुंडाळून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावेत.

सॉकेटपासून संचापर्यंत एक चौरस मिलीमीटरची तांब्याची लवचीक तार वापरावी. नव्या तारांत फेज तपकिरी, न्यूट्रल निळी व अर्थिंग हिरवी-पिवळी असते. जुन्या तारांत तांबडी, काळी व हिरवी. दोन्ही प्रकारच्या तारा शाळेत असण्याचा संभव आहे, म्हणून दोन्ही रंगमालिका फळ्यावर लिहाव्यात. तारेच्या टोकांस थिंबल दाबून बसवावे. टोकांना कथलाचा डाग देऊन ती स्क्रूखाली आवळण्याची रीत चांगली नाही. कथील मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू पसरते, स्क्रू सैल पडतो, आणि सैल सांध्यापाशी ठिणगी व उष्णता निर्माण होते. अर्थिंगची तार इतर दोहोंपेक्षा चार बोटे लांब ठेवावी. पेटी पडून तारा ओढल्या गेल्या तर ती सर्वांत शेवटी सुटली पाहिजे. भिंतीच्या प्लगमधील अर्थिंगची पिन इतर दोहोंहून लांब असते, तिचाही हेतू हाच : ती आधी जुळते व शेवटी सुटते. प्लग दोन छिद्रांच्या सॉकेटात बसावा म्हणून ती पिन मोडलेली कोठे दिसली, तर तो प्लग वर्गात दाखवावा आणि मग टाकून द्यावा.

संचावर 'एल', 'एन' व अर्थिंगची खूण असलेल्या तीन स्क्रूंना अनुक्रमे फेज, न्यूट्रल व अर्थिंग जोडावे. अर्थिंगच्या स्क्रूखाली दातेरी वॉशर घालावा. काही संचांच्या बाजूस ११० व २३० असे सरकबटण असते. ते २३० वर आहे ना, हे झाकण लावण्याआधी पाहावे, नाहीतर पहिल्याच क्षणी संच जळतो. अर्थिंगचा स्क्रू व त्यापुढील बारा व्होल्टांचा स्क्रू यांच्यामध्ये सनमायकाचा तुकडा उभा बसवून पेटीचे दोन भाग पाडावेत, म्हणजे सुटलेली तार एका भागातून दुसऱ्यात जाऊ शकत नाही. बारा व्होल्टांच्या तारा पेटीच्या पुढील भिंतीतील लाल व काळ्या टर्मिनलांस न्याव्यात. विद्यार्थ्यांचा हात पुढे, वीज मागे.

झाकण लावण्यापूर्वी मल्टिमीटरने तीन गोष्टी पाहाव्यात, प्लग न लावता व पेटीचे बटण चालू ठेवून. सॉकेटच्या अर्थिंग पिनेपासून संचाच्या पत्र्यापर्यंत रोध जवळजवळ शून्य, फार तर अर्धा ओहम भरावा. फेजच्या पिनेपासून पत्र्यापर्यंत व न्यूट्रलच्या पिनेपासून पत्र्यापर्यंत मार्ग मुळीच मिळू नये. काळ्या टर्मिनलपासून फेज वा न्यूट्रलपर्यंतही मिळू नये. यांतील एक जरी उलट आले तरी प्लग लावू नये. टेस्टर पेटतो की नाही, एवढ्यावर विसंबणे चुकीचे आहे. अर्थिंग नसताना तो झिणझिण्यांच्या अल्प प्रवाहावरही पेटतो आणि खरी गळती व निरुपद्रवी झिरप यांतील भेद दाखवीत नाही. सर्व ठीक असल्यास झाकण लावून, भार न जोडता प्लग लावावा, पुढील टर्मिनलांवर बारा व्होल्ट मिळतात हे पाहावे, मग एक दिवा जोडून अर्धा तास चालू ठेवावे. झाकणावर तळहात सुखाने टेकवता आला पाहिजे.

विद्यार्थ्यांस या सर्वांचे मर्म स्वतःच्या हाताने अनुभवता यावे, यासाठी एक प्रयोग सुचविण्यासारखा आहे. त्यात विजेरीचे तीन सेल आहेत, त्यामुळे धोका नाही. बिस्किटाच्या डब्याचे पत्र्याचे झाकण हे संचाची पेटी समजावे. सेलांच्या धन टोकापासून झाकणापर्यंत, सुतार पॉलिश करताना वापरतात त्या बारीक स्टील वूलचे दोन-तीन तंतू पिळून त्यांतून प्रवाह न्यावा. हा फ्यूज, आणि झाकणास टेकलेले त्याचे टोक ही सुटलेली फेज. झाकणापासून दीडशे ओहमांचा रोधक व तांबडा एलईडी यांतून ऋण टोकाकडे जावे. हा एलईडी म्हणजे पेटीस हात लावणारा माणूस. एलईडी पेटतो. त्यातून सुमारे सतरा मिलीॲम्पिअर जात असतात, म्हणजे ज्या प्रवाहाने हात सुटेनासा होतो साधारण तेवढाच, आणि फ्यूजचा तंतू मात्र जशाचा तसा राहतो. फ्यूज तारेला वाचवितो, माणसाला वाचवीत नाही, हे येथे मुलांच्या तोंडूनच निघावयास हवे.

मग झाकणापासून ऋण टोकापर्यंत जाड तांब्याची तार टेकवावी. तंतू लाल होऊन तुटतो, एलईडी विझतो. हे ओले अर्थिंग. तंतू तुटताना ठिणगी उडते, म्हणून खाली फरशीचा तुकडा ठेवावा व कागद दूर करावेत. आता नवे तंतू जोडून तांब्याच्या तारेऐवजी दोन्ही टोकांस तासलेली अखंड पेन्सिल जोडावी; तिच्या शिशाचा रोध काही ओहम असतो. तंतू तुटत नाही. एलईडी पेटलेलाच राहतो. अर्थिंग जोडलेले आहे, दिसतेही आहे, आणि माणसाला विजेचा धक्का बसतोच आहे. हे उन्हाळ्यातील अर्थिंग. पेन्सिली व स्टील वूल निरनिराळ्या प्रतीचे मिळत असल्याने शिक्षकाने हा प्रयोग आदल्या दिवशी एकट्याने करून पाहावा. पेन्सिलीनेही तंतू तुटला तर आणखी एक तंतू पिळून घ्यावा, तांब्यानेही न तुटला तर एक कमी करावा.

हा पाठ चार तासिकांत बसतो. पहिलीत झिणझिण्या व हिशेब, दुसरीत आखणी व करवतकाम, तिसरीत प्रयोग, चौथीत वायरमनच्या उपस्थितीत जोडणी व तपासणी. वायरमनची वेळ जुळत नसेल तर चौथी तासिका पुढे ढकलावी. ती शिक्षकाने स्वतः उरकू नये. उत्साही शिक्षकांकडून असे घडते, आणि त्यांनी तसे न करण्यात कमीपणा नाही.

पेटी ठेवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या माठापासून दूर, खिडकीच्या झडीपासून दूर व मुलांच्या डोक्याहून उंच असावी. फळ्यालगत ठेवल्यास खडूची धूळ छिद्रांत साचते. वर्षातून दोनदा, प्लग काढून दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर, पेटी उतरवून बाहेरून कोरड्या कुंच्याने छिद्रे साफ करावीत. आरसीसीबी असल्यास तिच्यावरील 'टी' बटण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दाबून ती पडते का, हे पाहावे. पेटीच्या बाजूस कागद चिकटवून त्यावर अर्थिंगच्या उन्हाळी मोजणीची तारीख, मिळालेला ओहमांचा आकडा व वायरमनची सही घ्यावी. फाल्गुनापासून मृगापर्यंत खड्ड्यात दर आठवड्यास दोन बादल्या पाणी घालण्याचे काम आठवीच्या मुलांकडे पाळीने द्यावे. टंचाईच्या वर्षी हात धुतलेले पाणी त्याच खड्ड्याकडे वळविले तरी चालते.

स्वाध्याय म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरी व शेजारच्या दोन घरी, कोठेही हात न लावता, केवळ पाहून पुढील नोंद करून आणावी : अर्थिंगचा खड्डा आहे किंवा नाही, असल्यास तो ओला की कोरडा, मीटरजवळ आरसीसीबी आहे किंवा नुसता एमसीबी, आणि घरातील किती प्लगांना तिसरी पिन नाही. आलेल्या नोंदींचा तक्ता विद्यार्थ्यांनीच करावा व तो शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत ठेवावा.